वांगी रंगाचा ब्लाऊजपीस

रिसोडच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, रिळं. बाई साडी घेऊन येते, मी तिला त्या साडीच्या रंगाचं कापड काढून देते. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात तालुक्यात मला कोणी हरवलेलं नाही, आणि हे सांगताना मी उगाच मान खाली घालणार नाही.

माझा एक नियम आहे. कापड दुकानाच्या आत पसंत करायचं नाही. बाहेर ओट्यावर यायचं, साडीचा पदर शेजारी धरायचा आणि सावलीतल्या स्वच्छ उजेडात पाहायचं. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर लाल आहे. दुपारी तीननंतर ऊन त्याच्यावर पडतं आणि ते माझ्या ओट्यावर लालसर उजेड फेकतं. तेवढा वेळ मी पांढरं, मोतिया, बदामी काही विकत नाही. "उद्या सकाळी या," म्हणते. बायका चिडतात. चिडोत. दुकानाच्या भिंती मी पांढऱ्या ठेवल्या आहेत. नवऱ्याला पोपटी हव्या होत्या, महिनाभर अबोला धरला, पण मी ऐकलं नाही. पोपटी भिंतीजवळ ठेवलेलं प्रत्येक कापड थोडं पोपटी दिसतं, हे त्याला कोण समजावणार. रंग म्हणजे कापडात भरून ठेवलेला माल नव्हे. उजेड पडतो, कापड त्यातला काही खाऊन टाकतं आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत धाडतं. जो परत येतो तो रंग. पडणारा उजेडच लबाड असेल, तर चांगलं कापडही खोटं बोलतं.

हे मी एवढ्या बारकाईनं का शिकले, त्यामागे एक हिरवा धागा आहे.

आमचं गाव रिठदच्या पलीकडे. आम्ही बौद्ध. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, पाटलांचं वरच्या अंगाला. माय शिवणवर्गात शिवण शिकली होती आणि वर्ग संपल्यावर तिला मशीन मिळालं होतं. दिवसा शेतात निंदायला जायची, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली मशीन चालवायची. तिचा हात असा सफाईदार होता की वरच्या अंगाच्या बायकाही तिच्याकडेच कपडे टाकायच्या. त्यात पाटलीणबाई पहिली. अंगाखांद्यावर सगळं रंगाला रंग लागायचं तिला. बांगडी साडीच्या रंगाची, टिकली साडीच्या रंगाची.

मी नऊ वर्षांची असेन. उन्हाळा होता. पाटलांच्या अंगणात पंधरा-वीस बायका शेवया करायला जमल्या होत्या. माय शिवलेला ब्लाऊज घेऊन गेली, मी तिच्या मागे. गडद निळा ब्लाऊज. पाटलीणबाईनं तो घडीतून काढला, खांद्याला धरून उन्हात उंच केला, आणि गळ्याच्या पट्टीपासून बाहीच्या कडेपर्यंत सगळी शिवण हिरवीगार दिसली. निळ्या कापडावर हिरवा धागा.

"पाहा वं बायांनो," ती म्हणाली, "आंधळीच्या हातचं काम."

बायका हसल्या. तिनं घरातून ब्लेड मागवलं आणि मायला तिथंच, उन्हात, सगळी शिवण उसवायला बसवलं. माय बसली. टाका टाका करून उसवत राहिली. मी धाग्याचे हिरवे तुकडे वेचून मुठीत धरले होते, कारण ते तिच्या अंगणात पडू द्यायचे की नाही हे मला कळत नव्हतं. शेवया वाळत घालून झाल्या, बायका घरी गेल्या, तरी माय उसवतच होती.

त्यानंतर कोणी तिच्याकडे साधं पोलकंही शिवायला टाकलं नाही. तिला "आंधळी शिवणारी" म्हणायला लागले, मला शाळेत "आंधळीची पोरगी". मशीनवर पोतं टाकलं ते टाकलंच. पुढची कितीतरी वर्षं मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं. मला तर पाटलांच्या घराचं कौलसुद्धा डोळ्यासमोर नको व्हायचं.

सातवीत गुरुजींनी प्रकाशाचा धडा घेतला. ते साधे, भला थोरला खिसा असलेला सदरा घालणारे गृहस्थ होते आणि त्यांना पुस्तकापेक्षा करून दाखवायची हौस. त्यांनी वर्गाची खिडकी लग्नातल्या लाल जिलेटिन कागदानं झाकली, दार लावून घेतलं आणि टेबलावर निळ्या शाईची दौत ठेवली. "कोणता रंग?" आम्ही म्हणालो, काळा. दार उघडलं, दौत निळी. ते म्हणाले, निळ्या वस्तूवर निळा उजेड पडलाच नाही तर ती बिचारी परत काय पाठवणार. आणि बल्बचा पिवळा उजेडही असाच आहे, त्यात निळा अगदी थोडका. म्हणून रात्री गडद निळं आणि गडद हिरवं ओळखताना भले भले फसतात.

मी शाळेतून घरापर्यंत पळत गेले. माय चुलीपाशी होती. दम खात तिला सांगितलं, तुझे डोळे खराब नव्हते, तुझी चूक नव्हती, सगळी चूक बल्बची होती. माय भाकर थापत राहिली. "हं," म्हणाली. मला वाटलं, बोलायला गेली तर रडेल. मग मीच ठरवलं की तिच्या वाटचं आपण बोलायचं, आणि ते पाटलीणबाईला तिच्या लोकांसमोर ऐकवायचं.

लग्न होऊन रिसोडला आले. आधी फॉल-पिको, मग मॅचिंग. वर्षं गेली. वडील गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन झालं, आता ती माझ्यापेक्षा चांगली सुई ओवते. माझ्या दुकानाचं नाव झालं. पण एवढ्या सगळ्या वर्षांत एक दिवस असा गेला नाही की वांगी, निळा, मोरपंखी रंग हातात धरताना मला ते अंगण आठवलं नसेल. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. ज्यांचा निवत असेल त्यांचा निवो. माझा मुरला.

गेल्या उन्हाळ्यात पाटलीणबाई माझ्या दुकानात आली.

चेहऱ्यावरून ओळखली नसती, म्हातारी झाली होती. कापड दोन बोटांच्या चिमटीत धरायची तिची रीत ओळखीची होती. सोबत सून. सुनेच्या मुलीचं, म्हणजे हिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. म्हातारीनं स्वतःसाठी वांगी रंगाची भारी साडी घेतली होती आणि तिला ब्लाऊजपीस हवा होता.

"रंगाले रंग लागला पाह्यजे," ती म्हणाली. "तुह्या हाताले नजर हाये म्हणतात. माह्या डोळ्याले आता सगळं धुरकट दिसते."

तिनं मला ओळखलं नव्हतं. ओळखणार कुठून? नऊ वर्षांची पोर तिनं पाहिली तरी होती का तेव्हा?

मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. तिची नात सुखात नांदो, घर भरलेलं राहो, मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला हवं होतं की ही बाई आपल्या माणसांच्या गराड्यात, भर उन्हात, चुकीच्या रंगात उभी राहावी आणि कोणीतरी तिला विचारावं, तुला दिसत नाही का? तुम्ही म्हणाल, ब्लाऊजचा रंग चुकला म्हणून काय आभाळ कोसळतं? माझ्या मायचं कोसळलं होतं.

माझ्याकडे एक तागा होता. कारखान्याचा माल काही वेळा असा निघतो. आतल्या पांढऱ्या ट्यूबखाली तो वांगी दिसायचा, अगदी तिच्या साडीचा सख्खा भाऊ. ओट्यावर नेला की तपकिरी व्हायचा. दोन कापडं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात तोंड फिरवतात, हे आमच्या धंद्यात नवं नाही. तो तागा मी परत पाठवायला बाजूला ठेवला होता. मी तो काढला.

"जुळला," म्हातारी खूश होऊन म्हणाली.

सून जरा थांबली. चाळिशीची, शांत बाई. "ताई, ओट्यावर पाहू का एकदा?"

पंचवीस वर्षांत हे वाक्य माझ्या दुकानात नेहमी मीच बोलत आले होते. "बाहेर धूळ उडून राह्यली," मी म्हणाले. "भारी साडी हाये. डाग पडला तर?"

सुनेनं साडीची घडी मिटली. मी कापड मापलं, फाडलं आणि पिशवीत घातलं. साडी फॉल-पिकोला माझ्याकडेच ठेवली, ती न्यायला आली तेव्हा सुनेनं पत्रिका दिली आणि आग्रह केला, "ताई, येजा बरं." मी म्हणाले, येते. जाणार तर होतेच.

लग्न वाशीम रस्त्यावरच्या लॉनवर होतं. दुपारचा मुहूर्त. मी सकाळी अकरालाच जाऊन बसले. शिंप्यानं कापड पाहिलं असेलच, पण शिंपी काय बोलणार? आजकाल कॉन्ट्रास्टची फॅशन आहे, त्याला वाटलं असेल म्हातारी हौशी आहे. ब्लाऊज आदल्या संध्याकाळी घरी आला होता, हे सुनेकडूनच कळलं. म्हणजे दिवसाच्या उजेडात तो कोणी नीट पाहिलाच नव्हता. सगळं माझ्या मनासारखं जुळून आलं होतं.

आणि मांडवाचं छत गुलाबी निघालं.

वर, बाजूंनी, खांबांना, सगळीकडे गुलाबी कापड. त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांवर पडत होता. भटजीचं धोतर गुलाबी, तांदळाच्या अक्षता गुलाबी, माझी पांढरी साडी गुलाबी. म्हातारी पहिल्या रांगेत कोचावर बसली होती आणि साडी-ब्लाऊज एका ताग्यातून फाडल्यासारखे दिसत होते. बायका येऊन तिच्या पदराला हात लावून वाखाणत होत्या. मला संताप आला. ज्या उजेडाच्या भरवशावर मी डाव मांडला, त्याच उजेडानं मला तोंडघशी पाडलं. अक्षता पडल्या. पंगतीत बसले, वरण-भात, बुंदी, कशाचीच चव लागली नाही.

जेवणं आटोपत आली तेव्हा फोटोवाला ओरडला, आत चेहरे गुलाबी येतात, घरची मंडळी बाहेर हिरवळीवर चला. मी ताट तसंच सोडून उठले.

बाहेर लख्ख ऊन. म्हातारी नातीच्या शेजारी उभी राहिली आणि ब्लाऊज तपकिरी झाला. थोडाथोडका नाही, वाळल्या शेणाच्या गोवरीसारखा. नात्यातली एक बाई बोललीच, "काकू, ब्लाऊज दुसरा घातला का?"

म्हातारीनं दंड डोळ्यांपाशी नेला. "काय रंग हाये?"

"चॉकलेटी."

आता, मी म्हणाले मनात, आता.

म्हातारी सुनेकडे वळली. "आंधळी हायेस का वं? तुले सोबत नेलं कायले होतं?"

सगळे पाहत होते. नवे व्याही, फोटोवाला, नवरी. सून मान खाली घालून उभी राहिली. तिच्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात. तिनं मला गर्दीत पाहिलं होतं, आमची नजरानजर झाली होती. बोट माझ्याकडे करायला तिला काय लागत होतं? तिनं केलं नाही. एवढंच म्हणाली, "दुकानात बरोबर दिसला होता, आत्याबाई."

"उजेडात पाहाले काय धाड भरली होती?"

मी पुढे गेले. सुनेची कीव आली, हे खरं. पण त्याहून खरं हे की ज्या शब्दासाठी मी पस्तीस वर्षं थांबले तो भलत्याच बाईवर खर्च होत होता. आणि मला श्रेय हवं होतं.

"तिले बोलू नका," मी म्हणाले. "तिनं उजेडात पाहू म्हणलं होतं, म्याच नाही म्हणलं. हा रंग म्या देल्ला. मुद्दाम देल्ला."

म्हातारी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. "कोण वं तू?"

"तुमच्या अंगणात तुमी जिले उन्हात शिवण उसवाले बसवलं होतं, तिची पोरगी. निळा ब्लाऊज होता. हिरवा धागा."

तिला आठवत नसेल, अशी मला भीती होती. पण तिला आठवलं. लगेच आठवलं. चेहरा ताठ झाला. "त्या शिवणारीची?"

मग मी बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलले. बल्बचा पिवळा उजेड, त्यात निळा रंग नसल्यासारखाच, निळं-हिरवं सारखं दिसतं, चांगले डोळे असलेल्या माणसालाही दिसतं, माझी माय आंधळी नव्हती, तिची चूक चूकही नव्हती, तुम्ही एका नकळत झालेल्या गोष्टीसाठी तिचा धंदा बुडवला आणि आज तुम्ही स्वतः तशाच फसला. त्या हिरवळीवर लग्नाच्या वऱ्हाडाला मी सातवीचा धडा शिकवला म्हणा ना.

म्हातारी ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "म्हंजे ते चुकून झालं होतं व्हय?"

"चुकून."

तिनं श्वास सोडला. खांदे सैल पडले. पदर ओढून दोन्ही दंडांवर घेतला आणि खुर्चीत जाऊन बसली. मला वाटलं, हरली. मी मान वर करून बाहेर आले, ऑटो केला, आणि रिसोड येईपर्यंत मला असं हलकं वाटत होतं की जणू ताप उतरला.

या खेळात माझं काय जाणार ते मला ठाऊक होतं. मॅचिंगवालीनं मुद्दाम चुकीचा रंग दिला, ही बातमी माझ्याआधी बाजारात पोचली असणार. आता त्या भागातल्या बायका माझ्या पायरीला पाय लावणार नाहीत. जाऊ द्या. दिली ती किंमत.

घरी माय सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. ट्यूबखालचा तागा सांगितला तेव्हा ती खुदकन हसली. "तपकिरी का चॉकलेटी? नीट सांग." गुलाबी मांडव सांगितला तेव्हा डोक्याला हात लावला. फोटोच्या वेळचं ऊन सांगितलं तेव्हा सूप खाली ठेवून तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. मग मी पुढचं सांगितलं, सगळ्यांसमोर तुझं नाव कसं धुऊन काढलं ते.

तिचे हात खाली आले.

"बल्बचं सांगितलं तू तिले?"

"सांगितलं. चुकून झालं होतं म्हणून सांगितलं."

"कायले सांगितलं?"

मला कळेना. "माय, तुझी चूक नव्हती हे तिला कळायला नको?"

"चूक कोण म्हणते?" माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. "माह्या हातचं शिवेल कापड ती पाणी शिंपडून घरात घ्यायची. माह्या देखत. दर खेपेले. शिंपड म्हणलं बाई, धागा तर तुह्या अंगाले लागनच. तुले रंगाले रंग लागते ना, म्हणून हिरवी रीळ म्या कारंज्याच्या बाजारात भर दुपारी निवडून आणली होती."

सातवीतल्या त्या संध्याकाळचं तिचं "हं" माझ्या कानात होतं.

"तिले तवाच समजलं होतं," माय म्हणाली. "ब्लेड देताना तिनं माह्याकडे पाह्यलं, म्या तिच्याकडे पाह्यलं. पर बायायसमोर कोन्या तोंडानं सांगनार का या बाईनं मले मुद्दाम असं शिवून देल्लं? म्हणून आंधळी म्हणली. म्या म्हणू देल्लं. काम गेलं, जाऊ देल्लं. तुले आंधळीची पोरगी म्हणत, तेबी ऐकलं. पस्तीस वर्सं ते तिच्या मनात काट्यावानी होतं."

तिनं सूप परत मांडीवर ओढलं.

"अन् तू आज भर लग्नात जाऊन तो काटा काढून देऊन आली."